अनंतरावांच्या लॅपटॉपला आलेला ताप

सोमवारी संध्याकाळी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या गल्लीत शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग अनंतरावांच्या पायरीपासून कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत आला होता. आत बैठकीतला सोफा हलवून चौरंग मांडला होता. चौरंगावर लोकरीची जाड शाल, शालीवर लाल मखमल आणि मखमलीवर उघडा लॅपटॉप. पडद्यावर अनंतरावांचा फोटो, कडेला झेंडूचा हार, बटणांवर कुंकू. दोन्ही बाजूंना धूप एवढा पेटला होता की पुढच्या रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती भक्तीची धरली जात होती.

आरती सुरू झाली तसा लॅपटॉप घरघरू लागला.

"ऐका!" चारुदत्त गुरुजींनी हात वर केला. "बाबा श्वास घेऊन राहिले! लोक म्हणतात यात सीपीयू असतो. अरे भाई, सीपीयू मतलब क्या? चेतना, प्राण, ऊर्जा! परदेशी लोकांनी नाव आपलंच उचललं, अर्थ तेवढा इथेच विसरून गेले!"

गर्दीत "वाह, वाह" झालं. मग रांगेने एकेकजण पुढे येऊन दोन बोटं लॅपटॉपला लावू लागला आणि चटका बसला की दचकून कपाळाला लावू लागला. "तापले! बाबा तापले!" तिसऱ्या आरतीला पडदा एकदम काळा झाला, घरघर थांबली आणि बायकांनी हुंदका दिला. गुरुजींनी मान खाली घातली. "गेले. एवढाच वेळ होता त्यांना." अर्ध्या तासाने त्यांनी आतल्या खोलीतून लॅपटॉप परत आणला, बटण दाबलं, अनंतराव पुन्हा पडद्यावर हसले. मेलेला माणूस आठवड्यातून एकदा मरतो आणि अर्ध्या तासात उठतो, हे बघायला रायपुरातून कुठूनकुठून माणसं येत होती. काही तर थेट नव्या रायपुरातून, मंत्रालयातली खुर्ची सोडून आली होती.

मी मंजिरी. तात्यापाऱ्यात राहते आणि आयटीआयमध्ये मुलींना कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवते. बारा वर्षं लॅपटॉप उघडते आहे. आत झुरळं सापडली, एकदा चिवडा सापडला, आत्मा अजून सापडलेला नाही. त्या पहिल्या सोमवारी मी मागच्या भिंतीला टेकून सगळं पाहिलं, मनातल्या मनात हसले आणि घरी येऊन जेवले. हसून घरी येणं हे माझं चुकलं. ते इथे आधीच कबूल करून टाकते.

अनंतराव मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. मुलगा शिशिर याने त्यांना हा लॅपटॉप घेऊन दिला आणि ते त्यावर पत्ते खेळत, नातेवाइकांचे फोटो बघत. गोदावरीकाकू म्हणजे त्यांची बायको. त्या दर खंडेनवमीला त्याची पूजा करत. आपल्या घराघरांत करतात तशीच. कुणाचा वस्तरा, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची मोटरसायकल. हळद-कुंकू, अक्षता, फूल आणि कापसाचं वस्त्र. मोटरसायकलला त्याने काही होत नाही. लॅपटॉपच्या कडेला मात्र हवेसाठी फटी असतात, आणि काकू हळद-कुंकू हात आखडून कधीच वाहत नव्हत्या.

या भादव्यात अनंतरावांना ताप आला. सून गंधाली पहिल्याच दिवशी म्हणाली, रक्त तपासून घेऊ. काकूंनी चारुदत्त गुरुजींना बोलावलं. हा माणूस पूर्वी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकायचा. धंदा बसल्यावर त्याने दाढी वाढवली. त्याने अनंतरावांच्या दंडाला काळा दोरा बांधला, अंगारा लावला आणि सांगितलं की चार दिवस घराबाहेर न्यायचं नाही, दोरा काम करून राहिला आहे. चौथ्या दिवशी गंधालीने कुणाला न विचारता ऑटो आणला, सासऱ्यांना दवाखान्यात घातलं. डेंगू निघाला. सहाव्या दिवशी अनंतराव गेले.

तेराव्याला शिशिरने लॅपटॉप वडिलांच्या शालीवर ठेवून त्यावर फोटो लावले. तो तापला, घरघरला, बंद पडला. काकू किंचाळल्या, "हे आले! ह्यांचा ताप अजून उतरला नाही!" बाईचं दुःख होतं ते, त्याची मी चेष्टा करणार नाही. पण गुरुजी तिथेच जेवायला बसले होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "बाबांना थंडी वाजून राहिली. आणखी एक घडी टाका." तापलेल्याला शाल, शालीने आणखी ताप, आणि त्या तापाला वरून मखमल. महिनाभरात बैठकीचा मठ झाला आणि गुरुजींचा मुक्काम पाहुण्यांच्या खोलीत पडला.

आता मठ चालवायचा तर बाबांचा ताप का उतरत नाही, याला काहीतरी कारण हवं. खरं कारण गुरुजींच्या स्वतःच्या दोऱ्याला बांधलेलं होतं, म्हणून दुसरं शोधणं भाग होतं. ते घरातच चहा करत होतं.

मी हसून घरी आले त्यापासून तिसऱ्या सोमवारी, मी नसताना, गुरुजी भर गर्दीत म्हणाले, "बाबांचा जीव अडकला आहे. दोरा आपलं काम करत होता. मध्येच कोणीतरी बाबांना उचलून सुयांच्या घरात नेलं. मी नाव नाही घेत. बाबाच सांगतील. तीन आरत्या होईपर्यंत ज्याचे दोन्ही हात बाबांवर टिकतील, तो निर्दोष."

गर्दीतून कुणीतरी हळूच "टोनही" म्हणालं. छत्तीसगढात चेटकिणीला हा शब्द आहे, आणि एकदा तो बाईला चिकटला की पारा, म्हणजे मोहल्ला, बदलूनही सुटत नाही. गुरुजींनी तो स्वतः उच्चारला नाही. तेवढी अक्कल त्यांना होती.

गंधालीने हात ठेवले. दुसऱ्या आरतीच्या मध्यावर ओढून घेतले. पुढच्याच मिनिटाला लॅपटॉप बंद पडला आणि बैठकीत आरडाओरडा झाला. गुरुजींनी उदार होऊन आणखी एक सोमवार दिला. तेव्हाही हात नाही टिकले, तर सुनेने दुर्गला माहेरी जावं, आणि चार वर्षांची अनुश्री आजीजवळ राहावी, कारण पोरीवर सावली नको. शिशिर तिथेच उभा होता. मोबाईल बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंधाली माझ्याकडे आली. दोन्ही तळवे ओढणीत गुंडाळलेले. सोडले तेव्हा बोटांच्या मुळाशी फोड आले होते, डाव्या हाताचा फुटला होता.

माझी जीभ मऊ नाही. मी म्हणाले, "तू शिकलेली पोट्टी ना? बी.एस्सी. झालेली? ठेवलेस काहून हात?"

"ताई, नसते ठेवले तर त्याच दिवशी काढलं असतं." ती रडली नाही. "मले घराचं काही नाही. माझी पोरगी ठेवून घेऊन राहिले ते."

मी मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, आणि मग रोज बिघडलेलं मशीन घेऊन येणाऱ्यांना जे विचारते तेच तिला विचारलं.

"खाली काय असतं त्याच्या?"

"बाबांची शाल. वरून मखमल."

"बंद कितव्या मिनिटाला पडतो?"

"तिसऱ्या आरतीला. वीसेक मिनिटं होत असतील. मागच्या वेळी लवकर पडला."

"गुरुजी आधी त्याला हात लावतात?"

"दुपारी दार लावून बसतात. जप भरतो म्हणतात."

"कधी दुसरीकडे चालवून पाहिलास?"

ती थबकली. "मागच्या बुधवारी गुपचूप अनुश्रीचा शाळेचा फॉर्म भरला. ओट्यावर ठेवला होता. पाऊण तास चालला, ताई. गरम झाला, पण बंद नाही पडला."

"ओट्यावर शाल होती?"

"ओट्यावर काहून शाल टाकू?"

"झालं तर," मी म्हणाले. "तुझ्या सासऱ्यांचं भूत फक्त लोकरीवर बसतं, ग्रॅनाइटवर बसत नाही."

तिला हसू आलं नाही. बरोबरच होतं तिचं.

पुढच्या सोमवारी मी पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, चिमटा, पेस्टची नळी आणि आयटीआयमधली तापमान मोजायची बंदूक घेऊन गेले. आज सुनेचा निकाल होता, त्यामुळे गर्दी दुप्पट होती. माणसाला चमत्कार आवडतोच, पण चमत्काराबरोबर कुणाची फजिती असली तर तो शेजाऱ्यांनाही घेऊन येतो. काकू पुढे बसल्या होत्या, अनुश्रीला मांडीवर घट्ट धरून. गंधाली पट्ट्या बांधलेले हात घेऊन चौरंगाजवळ उभी होती.

आरती सुरू झाली, घरघर सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "पट्टी काढ. बाबांना पट्टी नको."

"थांबा," मी पुढे गेले. "आधी माझी शंका आहे."

"शंका? विचारा ना, मॅडम! विज्ञान तर आम्हीही मानतो. विज्ञान जिथे थकतं, तिथे आम्ही सुरू होतो."

"ते तर दिसूनच राहिलं. निर्दोष माणसाला चटका बसत नाही, असंच ना?"

"हव. अगदी बरोबर."

"मग तुम्ही आधी हात ठेवा. तुमच्याएवढा निर्दोष इथे कोण आहे?"

लोक हसले. गुरुजीही हसले, पण हात मागे घेऊन. "गुरूला परीक्षा नसते, मॅडम. गुरू परीक्षा घेतो."

मी बंदूक लॅपटॉपच्या वरच्या पट्टीवर रोखली, पडद्याच्या मुळाशी, जिथे त्यांनी गंधालीला हात ठेवायला लावले होते. आकडा मोठ्याने वाचला. "अठ्ठावन्न. आपल्या अंगाला साधारण सदतीस पुरतात. अठ्ठावन्नावर हात धरून ठेवला तर अर्ध्या मिनिटात कातडी जाते. सतीची जाईल आणि पाप्याचीही जाईल. ठेवा कोणीही."

कोणी ठेवला नाही. दोन बोटं लावून कपाळाला न्यायची हिंमत सगळ्यांत होती, तळवा टेकवायची एकातही नव्हती. मागच्या सोमवारी "टोनही" कोण म्हणालं हे मला कळलेलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना मिळूनच सांगितलं की या राज्यात बाईला तो शब्द चिकटवणं हा गुन्हा आहे, त्याला वेगळा कायदा आहे. गुरुजींनी दाराकडे बघितलं.

मग मी लॅपटॉप उचलला आणि चौरंगाच्या उघड्या लाकडावर चार उलट्या वाट्या ठेवून त्यांवर टेकवला. काकू ओरडल्या, "ह्यांना थंडी वाजेल!"

"वाजू द्या, काकू. मशीनला तेच हवं असतं."

जप काय भरला होता तेही पाहिलं. पडद्यावर एक फोटो दिसत होता, पण त्याच्या मागे गुरुजींनी चार जाडजूड व्हिडिओ एकाच वेळी लावून लपवले होते, आवाज बंद करून. मी एकेक करून सगळ्यांना दाखवले. चारही व्हिडिओ हिमालयाचे होते. मशीनला चौपट काम, आणि नाकावर लोकर. बॅटऱ्या विकणाऱ्या माणसाला गरम काय होतं, कशाने होतं, हे पक्कं माहीत असतं.

व्हिडिओ बंद केले. "आता म्हणा आरती," मी म्हणाले. "तीन नाही, पाच म्हणा."

त्यांनी म्हटल्या. सुरुवातीला जोरात, मग कुरकुरत, कारण पाचवीचे शब्द कुणालाच येत नव्हते. लॅपटॉप बंद पडला नाही. बंदुकीवर एक्केचाळीस आले.

"अजून गरम आहेच ना!" गुरुजी म्हणाले. शेवटची काडी धरून होते बिचारे.

"आहे. त्याचंही बघू." मी लॅपटॉप बंद केला, उलटा केला, स्क्रू काढले. झाकण निघालं तसे पुढचे लोक गुडघ्यांवर आले. पंख्यापुढची बारीक जाळी दिसायला हवी होती. तिथे गादी होती. मी ती चिमट्याने अखंड ओढून काढली आणि आरतीच्या ताम्हणात ठेवली. हळद, कुंकू, कापसाच्या वस्त्राचे तंतू, झेंडूच्या पाकळ्यांचे तुकडे, आणि या सगळ्याला धुपाच्या काजळीने घट्ट चिकटवलेलं. पाच खंडेनवम्या आणि वर तीन महिन्यांच्या रोजच्या पूजा.

"हे मशीन खालून गार हवा घेतं, या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतं," मी म्हणाले. "तुम्ही खाली शाल घातली आणि इथे बोळा कोंबला. घरघर म्हणजे पंखा जीव खाऊन फिरत होता. आणि उष्णता फार झाली की मशीन स्वतःला बंद करतं, आतले भाग जळू नयेत म्हणून. अर्धा तास आतल्या खोलीत गार झालं की पुन्हा सुरू होतं. बाबा गेले आणि बाबा आले, ते एवढंच."

ब्रशने पंखा साफ केला, आतल्या चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट खडूसारखी वाळली होती ती पुसून नवी लावली, झाकण बसवलं, मशीन सुरू केलं. अनंतराव पडद्यावर आले. घरघर नाही. बंदुकीवर चौतीस. गर्दीला ते आवडलं नाही. एकजण म्हणाला, "चलो यार, कुछ नहीं है," आणि बाहेर चपला शोधायची घाई सुरू झाली. गुरुजी त्या घाईतच निघून गेले. पाहुण्यांच्या खोलीतली त्यांची पिशवी तेवढी राहिली.

काकू उठल्या. अनुश्री मांडीवरून उतरून आईकडे पळाली. काकूंनी लॅपटॉपवर तळवा ठेवला, सावकाश, पूर्ण.

"गार पडले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मग हे रागावले नव्हते?"

"मेलेली माणसं रागावत नाहीत, काकू."

"मग ह्यांचा ताप?"

इथे गप्प बसणं सोपं होतं, आणि दयाळूपणाचंही दिसलं असतं. पण या बाईच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या एका बाईच्या तळहातावर लिहिलं गेलं होतं. मी म्हणाले, "त्यांचा ताप डेंगूचा होता. पहिल्या दिवशी नेलं असतं तर वाचलेच असते असं मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण चार दिवस त्यांना गंधालीने घरात ठेवलं नव्हतं. तुम्ही ठेवलं होतं. ती एकटी नेऊ म्हणत होती."

काकू खाली बसल्या. मला त्यांची दया आली, खरंच आली, पण गंधालीच्या फोडांपेक्षा जास्त नाही.

बैठकीत आता घरचेच उरले होते. शिशिरने मोबाईल खिशात ठेवला, पंखा लावला, आणि बायकोला म्हणाला, "जरा चहा टाक ना सगळ्यांना. मंजिरीताई पण दमल्या."

गंधालीने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पट्ट्यांकडे. "आज तुम्ही टाका. मी अनुश्रीला घेऊन दुर्गला चालली."

"अरे, अब तो सब क्लियर हो गया ना?"

"हव," ती म्हणाली. "सब क्लियर हो गया."

तिला चप्पल धरता येईना, म्हणून मी तिच्या पायापुढे ठेवली. अनुश्रीला मी कडेवर घेतलं. कोणी अडवलं नाही. आम्ही तिघी बसस्टँडपर्यंत माझ्या स्कूटरवर गेलो, आणि वाटेत तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. मशीनची पूजा करायचीच असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फटीत फुंकर मारा आणि सपाट पाटावर ठेवा, त्यापेक्षा मोठी पूजा त्याला समजत नाही. तरीही तापलं तर माझ्याकडे आणा. माणूस तापला तर माझ्याकडे आणू नका, दोरेवाल्याकडे तर नाहीच, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि कुणी तुमच्या घरातल्या बाईला खरंखोटं ठरवायला तापलेल्या वस्तूवर हात ठेव म्हणालं, तर आधी त्याचाच हात धरून त्या वस्तूवर टेकवा, आणि तीन आरत्या होईपर्यंत सोडू नका.